चौकटीच्या उजव्या बाजूला

१

सकाळचा पहिला फोन भाडेकरणीचा असला की मी समजून जाते, एकतर नळ गळतोय नाहीतर छत. तेवढ्याच तयारीने मी फोन उचलला. ती म्हणाली, "ताई, आणखी एक रेघ आलीय. सगळ्यांत वर. आम्ही घर सोडतोय."

भाड्याने घरं लावून देणं हा माझा धंदा. शहर संपून शेतं सुरू होतात त्या पट्ट्यातली बहुतेक घरं माझ्याच हातून लागतात. लोकांना मोकळी हवा हवी असते, मुलाबाळांना अंगण हवं असतं, आणि राहायला आल्यावर आठवड्याभरात तक्रार सुरू होते की इथे फारच शांत आहे बुवा. ते मी ऐकून घेते. पण शेवटच्या गल्लीतलं हे शेवटचं घर म्हणजे माझ्या गळ्यातलं लोढणं झालं होतं. दोन ऐसपैस खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, मागच्या कुंपणाला लागून शेत. बघायला आलेला माणूस उंबऱ्यातच हो म्हणतो आणि वर्षभरात बोचकी बांधतो.

याला कारण स्वयंपाकघराच्या दाराची चौकट.

त्या चौकटीच्या डाव्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा आहेत. घरमालक दर वाढदिवसाला आपल्या लेकीला तिथे पाठ टेकवून उभी करायचा, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचा आणि रेघ मारायचा. लेकीला घरात बबडी म्हणत. शेवटची रेघ तिच्या सहाव्या वाढदिवसाची. त्याच उन्हाळ्यात बापलेक धरणाच्या पाण्यात होडी घेऊन गेले आणि होडी उलटी तरंगताना सापडली. त्याचा शर्ट मिळाला, तिची एक चप्पल मिळाली. ती दोघं मिळाली नाहीत.

मालकीणबाईने शहरात खोली घेतली, घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही.

पुढच्या वर्षी चौकटीच्या उजव्या बाजूला रेघ उमटली. ती पेन्सिलीची नव्हती. लाकडात बारीक ओरखडा आणि त्यात निळसर भुकटी. गंमत म्हणावी की काय, ती डावीकडच्या शेवटच्या रेघेपेक्षा चांगली वीतभर खाली होती. मग दरवर्षी एक नवी रेघ, थोडी थोडी वर सरकत. भाडेकरू बदलला की मालकीणबाईचा दीर, जो रंगारीच आहे, चौकटीची तेवढी उजवी बाजू रंगवून द्यायचा. रेघा बुजायच्या आणि थोड्याच दिवसांत सगळ्याच्या सगळ्या परत यायच्या.

"ताई, ती बुडाली तेव्हा खाली गेली ना," भाडेकरीण फोनवर रडायला लागली होती. "आता वर येतेय. तिच्या बाबांनी मारलेल्या शेवटच्या रेघेच्याही कधीच वर गेली."

दिवसाढवळ्या माझ्या हातावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आणि दुसऱ्याच दिवशी मालकीणबाई कोर्टात सही करणार होती, की माझा नवरा आणि माझी मुलगी मरण पावले असं मी मानते. मग घर विकायचं होतं.

२

अशा वेळी मला एकच माणूस आठवतं, माझी नणंद. वन्सं आयुष्यभर शाळाशाळांतून मुलांची उंची आणि वजनं घेत हिंडणारी नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी सवय जात नाही. घरी पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी त्याचं वजन मनात मांडून मोकळ्या होतात आणि तो गेल्यावर मला सांगतात. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. माझ्यावरही फारसा नाही, पण ते असो.

"उंचीच्या रेघा ना? मग चल," एवढंच त्या म्हणाल्या.

भाडेकरीण अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तिला सातवा महिना होता आणि ती आत यायला तयार नव्हती. नवरा कामावर. आतमध्ये शेताकडून येणारा वारा खिडकीचं दार हळूहळू ढकलत होता, सोडत होता. स्वयंपाकघरात अर्धी भांडी खोक्यात भरून झाली होती. त्या रिकाम्या होत चाललेल्या घरात चौकट मात्र कुणीतरी पाठ टेकून उभं असावं अशी वाटत होती. मी डाव्या बाजूला उभी राहिले. उजवीकडे जायला माझं मन होईना.

वन्संनी चष्मा कपाळावर चढवला, नाक लाकडाला लागेल इतक्या जवळ गेल्या, मग मला म्हणाल्या, "आधीच्या एका भाडेकरूने तुला फोटो पाठवला होता म्हणालीस ना, तो काढ."

मी मोबाइलवर फोटो काढून दिला. त्यानंतर चौकटीला दोनदा रंग लागला होता. वन्संनी फोटोतल्या बिजागरीपासून बोटं मोजली, चौकटीवरच्या बिजागरीपासून मोजली, आणि हुं केलं.

"अगं, जिथल्या तिथे आल्यात. एकही इकडची तिकडे नाही. कुणी मनाने मारल्या असत्या तर रंगाखाली गेलेल्या रेघा पुन्हा त्याच जागी कशा आल्या असत्या? मापं कुणीतरी जपून ठेवलीत."

"भुताला मापं कशाला लागतात?"

"तेच म्हणतेय मी. आता अंतरं बघ. या दोन जवळजवळ चिकटल्यात. मग ही एकदम उडी. मग परत जेमतेम. मनातलं मूल असतं ना, ते जिन्याच्या पायऱ्यांसारखं वाढतं, सारखं सारखं. खरं मूल एका वर्षी हलत नाही आणि पुढच्या वर्षी नडग्या उघड्या टाकतं. अशा हजारो पोरी माझ्या हाताखालून गेल्यात." त्यांनी चष्मा खाली घेतला. "ही खरी मुलगी आहे. आणि जिवंत आहे."

मी चौकटीला धरूनच उभी राहिले. "बबडी?"

"तिथंच तर अडतंय. सहाव्या वर्षी इतकी असलेली मुलगी सातव्या वर्षी वीतभर आखूड कशी होईल? मूल थांबतं गं, पण मागे जात नाही. म्हणजे एकतर ही दुसरीच कुणी मुलगी आहे, नाहीतर यात आपल्याला न दिसणारं काहीतरी आहे."

हा फोटो मी तेव्हाच मालकीणबाईला पाठवला होता. तिचं उत्तर मला तोंडपाठ आहे. ती म्हणाली होती, "माझी बबडी गेली तेव्हाच याच्यापेक्षा उंच होती. ज्याने हे केलंय त्याने तिला कधी पाहिलेलंही नाही. रंग मारून टाका."

मी ते वन्संना सांगितलं. त्यांनी वळून पुढच्या दाराच्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "या घराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

३

किल्ल्या चौघांकडे होत्या. एक भाडेकरूंकडे, एक माझ्याकडे, एक रंगारी दिराकडे आणि एक मागच्या खोलीत राहणाऱ्या त्याच्या आईकडे, म्हणजे बबडीच्या आजीकडे. कधी प्लंबर येतो, कधी गॅसवाला, आणि भाडेकरू नेमके बाहेर असतात, म्हणून मीच ती आजींकडे ठेवायला लावली होती. मालकीणबाईने तर किल्ली घ्यायलाच नकार दिला होता.

भाडेकरणीवर माझा संशय होता. लोक भाडं कमी करून घ्यायला काय काय सोंगं करतात ते मला विचारा. पण रेघा ती येण्याआधीच्या होत्या, आणि तिच्या तोंडाकडे बघितल्यावर तो विचार माझा मलाच नकोसा झाला.

तेवढ्यात रंगारी आला. भाडेकरू जाणार म्हटल्यावर पुन्हा रंग काढायचा, म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. अबोल माणूस. कोपरापर्यंत वाळलेला पांढरा रंग, नजर कायम जमिनीवर.

"या रेघा तुम्ही किती वेळा बुजवल्यात?" वन्संनी विचारलं.

"भाडेकरू गेला की."

"आणि त्या परत आल्या की तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"जुनं लाकूड आहे. येतं वर काहीबाही."

"भाऊ, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. घर विकलं गेलं तर तुमच्या आईची खोली जाईल. घराला वाईट नाव पडलं तर गिऱ्हाईक पळेल. यात फायदा तुमचा आहे."

त्याने मान वर केली. मला वाटलं आता हा भांडणार. पण तो म्हणाला, "बरं. मीच मारतो रेघा. सांगा वहिनींना. हवं तर पोलिसांना सांगा."

माझा जीव भांड्यात पडला. सुटलो म्हटलं एकदाचे. पण वन्संचं समाधान व्हायचं होतं.

"निळा रंग कुठला वापरता?"

"आपला नेहमीचा. तेलाचा."

वन्संनी बोट जिभेला लावलं आणि वरच्या, ताज्या रेघेवरून फिरवलं. बोट निळं झालं. "तेलाचा रंग थुंकीने निघतो होय? हा खडू आहे. भाऊ, तुम्ही जन्मभर रंगात हात घातलेला माणूस. तुम्हाला रंग आणि खडू यातला फरक कळत नाही असं नाही. तुम्ही या रेघा मारत नाही, तुम्ही झाकता. कुणाच्या झाकता?"

त्याने मागच्या दाराकडे पाहिलं. मागच्या अंगणातून इतका वेळ शिवणाच्या मशीनचा खडखडाट येत होता. तो माझ्या कानांवर पडत होता हेसुद्धा मला तो थांबल्यावरच समजलं.

"तिला काही विचारू नका," रंगारी अगदी हळू म्हणाला. "नात गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. लोक वेडी म्हणतील तिला."

४

मागची खोली म्हणजे एक पलंग, एक मशीन आणि कपड्यांचे तुकडे. पन्नासेक वर्षं आजींनी त्या गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवले होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, बुबुळं दुधासारखी पांढरट झाली होती, तरी बोटांनी चाचपून चाचपून शिवायच्या. मशीनवर फिक्या पिवळ्या कापडाचा एक मोठा झगा अर्धा शिवून झाला होता.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी आवाजावरून ओळख दिली. आता वन्सं सरळ विषयालाच हात घालणार असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आजी, ही माझी भावजय. हिला पायघोळ गाऊन शिवायचाय. माप घ्याल का?"

मी चाटच पडले. जन्मात मी गाऊन घातला नाही. पण वन्संनी डोळे वटारले आणि मी निमूटपणे उभी राहिले.

आजी उठल्या. टेप घेतलाच नाही. खिळ्याला अडकवलेल्या पांढऱ्या फितीच्या गुंडाळीतून एक लांब फीत ओढली. "आकडे दिसत नाहीत आता. फितीवर काम भागतं," त्या म्हणाल्या. माझ्या पाठीमागे येऊन त्यांनी बोटांनी माझी मान चाचपली, मानेच्या मणक्याचा उंचवटा शोधला, तिथे फितीचं टोक धरलं आणि दुसरं टोक जमिनीपर्यंत सोडलं. टाचेशी कात्रीने फीत कापली, वरच्या टोकाला गाठ मारली.

"झाली उंची," त्या म्हणाल्या.

"पूर्ण?" वन्संचा आवाज बदलला होता.

"पूर्णच की."

"डोकं राहिलं ना, आजी."

"डोक्याला कापड लागत नाही, बाई. आमच्या धंद्यात माणूस मानेपासून सुरू होतो."

वन्सं खाली पलंगावर टेकल्या. त्यांची नजर कुठे आहे ते मी पाहिलं. मशीनच्या फळीवर टोकदार कात्री होती, तिच्या शेजारी निळ्या शिंपीखडूची वडी. आणि खिळ्याला फितीच्या गुंडाळीमागे एक वेगळी जुडी होती, लहानमोठ्या फितींची, प्रत्येकीला वरून गाठ मारलेली. सगळ्यांत आखूड फीत पार मळून पिवळी पडली होती.

"या कुणाच्या?" वन्संनी विचारलं.

"गिऱ्हाइकाच्या," आजी म्हणाल्या आणि फिती पदराखाली घेतल्या.

दाराशी रंगारी उभा होता. वन्सं त्याच्याकडे वळल्या. "आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन का नाही केलंत?"

"ती ऐकेल तर ना. दरवर्षी एकटीच बसने डोळ्यांच्या दवाखान्यात जाते. सोबत मी येतो म्हटलं तर चिडते. येऊन सांगते, डॉक्टर म्हणाले अजून पिकला नाही. परवाच जाऊन आली."

"इतकी वर्षं मोतीबिंदू पिकत नसतो, भाऊ."

वन्सं उठल्या, मला हाताला धरून अंगणात आणलं आणि म्हणाल्या, "मालकीणबाईला फोन लाव. म्हणावं, उद्याची सही राहू दे. असशील तशी घरी ये."

"ती यायची नाही. या घरात ती पाय ठेवत नाही."

"मग तिला सांग, उजवीकडच्या रेघा मानेपर्यंतच्या आहेत. तेवढंच सांग."

मी तेवढंच सांगितलं. पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

५

ती आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात ती थबकली, पायऱ्यांशी थबकली, दाराशी भिंतीला हात लावून उभी राहिली. मग सरळ स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गेली. भाडेकरीणसुद्धा तिच्यामागून आत आली. भीती कुठल्या कुठे गेली होती, नुसते डोळे मोठे झाले होते. रंगारी आईला धरून घेऊन आला.

वन्संनी फार पाल्हाळ लावलं नाही.

"डाव्या बाजूला डोक्यापर्यंतचं माप आहे, उजव्या बाजूला मानेपर्यंतचं. म्हणून उजवीकडची पहिली रेघ खाली दिसते. मुलगी आखूड झाली नाही, मापणारा बदलला. मानेवर डोकं ठेवून बघा." त्यांनी पहिल्या रेघेवर आपली वीत उभी धरून तिच्या थोडं वर बोट टेकवलं. ते बोट डावीकडच्या शेवटच्या रेघेच्या किंचित वर आलं. "सात वर्षांची मुलगी. अगदी जितकी असायला हवी तितकी. पुढच्या सगळ्या तशाच बसतात. रेघा पुसल्या तरी परत त्याच जागी येतात, कारण मापाच्या फिती ठेवलेल्या आहेत. माप मानेपासून घेणारी, निळा खडू आणि टोकाची कात्री हाताशी असणारी, घराची किल्ली असलेली एकच व्यक्ती आहे. आणि फीत कापायची तर मुलगी समोर उभी असावी लागते. आठवणीची फीत कापता येत नाही."

मालकीणबाई सासूकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आई, बबडी आहे?"

आजी चौकट चाचपू लागल्या.

"आई, मी विचारतेय."

"तिच्या जिवाची शपथ घातलीय मला," आजी म्हणाल्या. "तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून. मी काढलेला नाही. आजपर्यंत कुणापाशी काढलेला नाही."

"कुणी घातली?" हे रंगारी म्हणाला. आजींनी तोंड फिरवलं, तेव्हा त्याचं त्यालाच उमगलं. त्याने आईचा हात सोडला. "दादा जिवंत आहे? सात वर्षं मी त्या धरणावरून जाताना मान खाली घालून जातोय. आणि दादा जिवंत आहे?"

मालकीणबाई चौकटीला टेकली. "मी घर सोडणार होते," ती आमच्याकडे न बघता सांगू लागली. "बबडीला घेऊन. वकिलाकडे जाऊन आले होते. मुलगी आईकडेच राहील असं तो म्हणाला होता. ते मी नवऱ्याला सांगितलं, त्याच आठवड्यात होडी उलटली. मला वाटलं माझ्या बोलण्याने त्याने जीव दिला आणि तिलाही नेलं. सात वर्षं मला हेच वाटतंय."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भाडेकरणीने मला खोक्यावरचं फडकं दिलं.

"मला वाटलं तू येशील," आजी एकदम म्हणाल्या. "तुझ्या घराची चौकट. तू येशील, बघशील, तुला समजेल. मला बोलायचं नव्हतं, पण रेघ मारायची नाही अशी शपथ काही कुणी घातली नव्हती. दरवर्षी येऊन पहिलं काम मी तेच करत होते. हा मेला रंग फासून ठेवायचा, मी परत मारत होते."

"मी फोटो पाहिला होता," मालकीणबाई म्हणाली. "मीच म्हणाले, ही माझी नाही."

शेताकडून वारा आला आणि खोक्यातल्या भांड्यांवरचा कागद हलला. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, कारण खरा प्रश्न अजून तसाच होता. मुलगी कुठे आहे ते फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाने त्याच मुलीच्या जिवाची शपथ घेतली होती.

"आजी, गावाचं नाव सांगा," मी न राहवून म्हणाले. "शपथ मोडली तर मोडली. मी घेते पाप माझ्या डोक्यावर."

"नाही सांगणार," आजी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या आणि चपला चाचपून पायांत घातल्या. "मला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय."

"परवाच तर जाऊन आलीस," रंगारी म्हणाला.

"परत जायचंय. मी आपली बसमध्ये बसणार. मागच्या बाकावर कोण बसलंय, माझ्यामागून कोण उतरतंय, मला कुठे दिसतं?"

६

बसमध्ये आजी पुढे बसल्या, ताठ, खिडकीकडे तोंड करून. त्यांच्या मागे मालकीणबाई, तिच्या मागे मी आणि वन्सं. रंगारी आला नाही. भाऊ समोर आला तर हातून काय होईल सांगता येत नाही, म्हणाला, आणि पोलीस चौकीकडे निघून गेला. सबंध वाटेत मालकीणबाईने एकदाच मागे वळून विचारलं, "ओळखेल का हो मला?" वन्सं म्हणाल्या, "सहा वर्षांची मुलं विसरत नाहीत." खरं की खोटं ते त्यांनाच माहीत.

उतरलो ते एका छोट्या बाजाराच्या गावात. दवाखाना समोरच होता. आजी त्याच्या दारावरून सरळ पुढे गेल्या. भिंतींना हात लावत, एका गिरणीला वळसा घालून, एका अरुंद जिन्याशी आल्या. आम्ही मागे होतो. त्या वळून बघत नव्हत्या, पण प्रत्येक वळणावर थांबत होत्या, आमची पावलं ऐकू येईपर्यंत.

जिन्यावर अंधार होता. वरच्या दाराला कुलूप नव्हतं. बाप कामावर असणार. आजींनी दार वाजवलं. आतून धावत येणारी पावलं वाजली आणि दार उघडलं.

मुलगी उंच होती. झगा तिला आखूड झाला होता, हातात उघडं पेन होतं. "आजी? तू परत कशी?" असं म्हणून ती हसली. मग तिची नजर आजींच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

ती किंचाळेल असं मला वाटलं. ती किंचाळली नाही. तिला नवलही वाटलेलं दिसलं नाही. ती नुसती आजींच्या जवळ सरकली, त्यांचा हात धरला, आणि शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "आजी, आज तुलापण दिसतेय का ती?"

मालकीणबाईने जिन्याच्या कठड्याला धरलं. मला त्या क्षणी समजलं, या मुलीलाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की तुझी आई मेली.

आजींनी आपला हात सोडवून घेतला. "मला काय दिसणार, बाळा," त्या म्हणाल्या. "तूच हात लावून बघ."

मुलगी एक पायरी खाली उतरली. पेन तिने दुसऱ्या हातात घेतलं, बोट पुढे केलं, आईच्या गालाला टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. बोट ओलं झालं होतं. तिने ते बघितलं, फ्रॉकला पुसलं, आणि मग संपूर्ण हात पुढे केला.